कानात पाणी गेले तर काय करावे?

(इयत्ता ७ वी)

वर्गमित्रांनो आणि शाळा बघायला आलेल्या पालक मंडळींनो,

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी आणि माझा धाकटा भाऊ मामाच्या गावाला जातो. मामाचे गाव सातारा जिल्ह्यात, कराडजवळ. आपल्या वाळवा तालुक्यातून वाहणारी कृष्णा तिकडूनच येते. पण मामा नदीत उतरू देत नाही. पोहायचे ते विहिरीत. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे, तेवढी काही मामाची मोठी नाही. दोनच मोटांची. आता मोटा गेल्या आणि मोटर आली, पण दगडी थारोळे अजून शाबूत आहे. त्याच्यावरून मुटका मारायला लई मजा येते.

गेल्या मे महिन्यात भाऊ पाठीला डबा बांधून पोहायला शिकला. चौथ्या दिवशी डबा सोडला आणि थारोळ्यावरून उडी टाकली. ती आडवीच पडली. वर आला तो डावा कान धरून. म्हणाला, "दादा, कानात गुडगुड वाजतंय."

आजोबा बांधावर होते. ते म्हणाले, "दगूड घे तापल्याला, लाव कानाला, आन् एका पायावर उड्या मार." त्याने तसे केले. पाणी निघेना. मग मी शहाणपणा केला. काडेपेटीतल्या काडीला कापूस गुंडाळला आणि त्याच्या कानात घातला. तो जोरात ओरडला. काडी बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाला रक्त होते आणि थोडा कापूस कमी होता. मी त्याला म्हणालो, "घरात सांगू नको."

त्याने सांगितले नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली. तेव्हा तो हाकेला ओ देत नव्हता, शुद्धलेखन चुकत होता, आणि आपण सगळे त्याला 'बहिऱ्या' म्हणत होतो. मीपण म्हणालो. आजीने लसणाचे तेल कढवून कानात सोडले. शेवटी एक दिवस आईला त्याच्या उशीवर पू दिसला.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बॅटरी लावून कान बघितला. आत कापसाचा बोळा कुजला होता आणि पडद्याला बारीक भोक पडले होते. त्यांनी विचारले, "काडी कुणी घातली?" मी म्हणालो, "मी." त्यांनी रागावून घेतले आणि मग नीट समजावून सांगितले. ते पुढे लिहितो.

कानाच्या भोकातून आत एक वाकडी नळी जाते. मोठ्या माणसाची ही नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, आपली त्याहून लहान. नळीच्या शेवटी पातळ पडदा असतो. पडदा धड असेल तर बाहेरचे पाणी त्याच्या पलीकडे जात नाही. पाणी मेंदूत जाते असे म्हणतात ते खोटे.

मग ते बाहेर का येत नाही? याचा प्रयोग घरी करता येतो. ज्याच्या टोकाला भोक नाही असे पेनाचे टोपण घ्या. त्यात पाणी भरा आणि उलटे धरा. पाणी पडत नाही! पेला उलटा केला तर लगेच सांडते. टोपण अरुंद आणि एका बाजूने बंद असते. आत हवा शिरल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही, आणि अरुंद तोंडाशी पाण्याचा पृष्ठताण हवेला आत शिरू देत नाही. आपला कान तसाच आहे. एका बाजूला पडदा, दुसऱ्या बाजूला पाणी. शिवाय नळी वाकडी आणि आत मळ.

जोरात झटका दिला की टोपणातले पाणी पडते. म्हणून आपण डोके हापटतो. पण गुरुजींनी एक माहिती वाचून दाखवली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मंडळींनी २०१९ साली काचेच्या नळ्या घेऊन हेच करून पाहिले. नळी जितकी अरुंद तितका झटका मोठा लागतो. लहान मुलाच्या कानाएवढ्या नळीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दहापट जोर लागला. एवढ्या जोराने डोके हलवले तर मेंदूला इजा व्हायची.

तेव्हा झटके नकोत. ज्या कानात पाणी गेले तो जमिनीकडे करा. कानाची वरची कड धरून हळूच वर आणि मागे ओढा, म्हणजे वाकडी नळी जरा सरळ होते आणि हवेला वाट मिळते. जांभई द्या, तोंड चघळल्यासारखे हलवा. नाही निघाले तर टॉवेलवर त्या कुशीवर पडून राहा. बहुतेक पाणी एवढ्यानेच येते. बाहेरून टॉवेलच्या टोकाने टिपा, टोक आत घालू नका. आजोबांच्या दगडाला बाई हसल्या. म्हणाल्या, दगड चटका देणारा नसला तर बिघडत नाही, पण काम करते ते डोके तिरके करणे, दगड नव्हे.

काडी, आकडा, पिन, कापूस यांतले काही आत घालायचे नाही. तेल तर नकोच. पडद्याला भोक असेल तर ते थेट आत जाते. (आजी अजून ऐकत नाही.) कान वाळवायचे थेंब दुकानात मिळतात, पण पडदा धड आहे की नाही हे डॉक्टरांनी बघितल्याशिवाय तेही घालू नयेत.

दुसऱ्या दिवशीही कान बंद राहिला तर पुष्कळदा आतला मळ पाण्याने फुगलेला असतो. तो दवाखान्यात काढतात. पण कानाची पाळी ओढल्यावर किंवा भोकापुढचा उंचवटा दाबल्यावर दुखले, पू आला, ताप आला, तर वाट बघत बसू नये. पाणी साचून आतली कातडी मऊ पडते आणि तिथे जंतू किंवा बुरशी वाढते. जनावरे धुतलेले, पहिल्या पावसाचे गढूळ पाणी जास्त वाईट. सर्दी झालेली असताना सूर मारू नये.

आणि उडी आडवी पडू देऊ नये. पाण्याची थप्पड कानावर बसली तर नुसत्या थपडेनेही पडदा फाटतो. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालचा. पुरात त्याच्यावरून उड्या मारणारे लोक आपल्याला शूर वाटतात. बाई म्हणाल्या, त्यातल्या किती जणांचे कान धड आहेत ते विचारून या.

पालकांसाठी एक गोष्ट. शाळेत मुलांना तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते. ही योजना २०१३ पासून आहे आणि तिच्यात कानही बघतात. त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका.

भावाला आता आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस आई स्वतः कानाच्या तोंडाशी ठेवते. असे भोक कान कोरडा ठेवला तर पुष्कळदा आपोआप भरते. त्याचे लहान झाले आहे, असे बाई म्हणाल्या. दिवाळीनंतर परत बोलावले आहे. तोवर पोहायला बंदी. मामाकडे गेलो की तो थारोळ्यावर बसून आमचे मुटके मोजतो. डाव्या बाजूने त्याला अजून कमी ऐकू येते. हाक मारायची तर उजवीकडून मारा.