तरुणांचा हृदयविकार आणि शरीरातील छुपा दाह

हृदयविकार ही उतारवयातील व्याधी होय, ही आपल्या पिढीची समजूत आता सोडून देणे भाग आहे. १४ डिसेंबर २०२३ रोजी दिवसभर चित्रीकरण करून घरी परतलेले मराठी अभिनेते श्रेयस तळपदे यांना मुंबईत हृदयविकाराचा झटका आला. त्यांचे वय तेव्हा अवघे ४७ होते. वेळीच उपचार मिळाल्याने ते बचावले. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातही दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका साधारणतः ५३व्या वर्षी, तर इतरांना ५९व्या वर्षी येतो, असे आढळले.

काल जिने चढणारा तरुण आज अकस्मात कोसळतो, हे कसे? नळात गाळ साचावा तशी चरबी साचून धमनी हळूहळू बुजते, असे पूर्वी मानीत. ते अर्धेच सत्य होय. धमनीच्या भिंतीत चरबी शिरली की रक्तातील पांढऱ्या पेशी तिच्यावर धावून जातात व तेथे दाह उत्पन्न होतो. त्या दाहाने चरबीवरील आवरण झिजते व एके दिवशी फाटते. फाटल्या जागी रक्ताची गुठळी होऊन काही मिनिटांतच प्रवाह बंद पडतो. म्हणून धमनी अर्धीही बुजलेली नसता झटका येऊ शकतो, आणि पूर्वसूचनाही मिळत नाही.

धान्याच्या व्यापाऱ्यास हे समजण्यास कठीण नाही. ओलसर धान्याची थप्पी बाहेरून गार लागते, पण आतून तापत असते. पोत्यात परखी खुपसल्यावाचून ते कळत नाही. रक्तातील ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’ची तपासणी ही अशीच एक परखी आहे. ज्या निरोगी पुरुषांत याचे प्रमाण सर्वाधिक होते, त्यांना पुढे झटका येण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला, असे अमेरिकेतील डॉ. पॉल रिडकर यांनी १९९७ साली दाखविले. पुढे २०१७ साली, पूर्वी झटका येऊन गेलेल्या सुमारे १०,००० रुग्णांच्या चाचणीत, कोलेस्टेरॉल न घटविता केवळ दाह शमविणाऱ्या औषधाने पुन्हा येणारे झटके कमी झाले. तथापि साध्या सर्दीतापानेही हा आकडा वाढतो. म्हणून त्याचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

तंबाखू व धूम्रपान, पोटावरील चरबी, मधुमेह, हिरड्यांचा जुनाट रोग आणि अपुरी झोप यांनी हा दाह धुमसत राहतो. दिवसभर गादीवर बैठक, सकाळी पोहे-जिलेबी आणि मध्यरात्री सराफ्यातील खाणे, हा आपल्या इंदूरच्या तरुणांचा नित्यक्रम होऊ नये. सणावारी ते जरूर खावे. एरवी रोज अर्धा तास भरभर चालावे.

सभासद बंधूंनी दिवाळीच्या वहीपूजनाप्रमाणे वर्षातून एकदा घरातील तिशीपुढील मुला-सुनांचा रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. छातीवर दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम अथवा धाप लागल्यास ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पीत बसू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा. रोग्याचे वय पंचविशी-तिशीचे असले, तरी यात विलंब करू नये.