युद्धांतील गुपितें व साक्षीदारांचें मौन

लढाई संपली कीं तींत वावरलेलीं माणसें बोलूं लागतात आणि संशोधकास साधन मिळतें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. दुसऱ्या महायुद्धांतील ब्लेचली पार्कच्या प्रकरणानें ती खोटी ठरविली आहे. लंडनच्या वायव्येस असलेल्या या वाड्यांत शत्रूच्या सांकेतिक तारा उलगडण्याचें काम चाले. १९४५ च्या आरंभीं तेथें व त्याच्या शाखांत मिळून सुमारें ९,००० माणसें होतीं. त्यांत स्त्रियाच बहुसंख्य. तथापि १९७४ सालीं विंटरबॉथम या वायुदलाच्या माजी अधिकाऱ्यानें ग्रंथ प्रसिद्ध करीपर्यंत इंग्लंडांतील सामान्य वाचकास या कामाची वार्ताहि नव्हती.

हें मौन केवळ कायद्याच्या धाकानें टिकलें, असें आम्हांस वाटत नाहीं. प्रत्येकानें गुप्ततेची शपथ घेतली होती हें खरें. पण यंत्रें चालविणाऱ्या नौदलाच्या मुलींस आपल्या श्रमांचें फळ काय, हें बहुधा सांगितलेंच जात नसे. ज्याच्या हातीं एक धागा, त्यास वस्त्र ठाऊक नाहीं. तो सांगणार तरी काय?

ज्यांस सर्व ठाऊक होतें, त्यांचें मौन मात्र अधिक विचार करण्याजोगें आहे. मार्च १९४१ मध्यें इटालियन आरमार बाहेर पडणार हें ब्लेचली येथें उलगडलेल्या तारांवरून कळलें. त्या कामीं १९ वर्षांच्या मेव्हिस लीव्हरचा मोठा वांटा होता. अॅडमिरल कनिंगहॅम यांनीं प्रथम एक टेहळणी विमान धाडलें तें, शत्रूस तें दिसावें व आपला पत्ता त्यानेंच लाविला असें वाटावें म्हणून. स्वतः ते गोल्फ खेळावयास व मुक्कामाची पिशवी घेऊन किनाऱ्यावर उतरले; अलेक्झांड्रियांतील जपानी वकील पाहत होता ना! रात्रीं ते गुपचूप जहाजावर परतले. मातापानच्या या लढाईंत इटलीच्या तीन मोठ्या क्रूझर व दोन विनाशिका बुडाल्या. कनिंगहॅम यांच्या १९५१ च्या आत्मचरित्रांत ती पिशवी आहे, तारा नाहींत.

शांतता झाल्यावरहि ओठ मिटलेलेच राहिले. सरकारास त्या विद्या पुढेंहि उपयोगी वाटत होत्या. कलॉसस यंत्राचे आराखडे त्याचे कर्ते फ्लॉवर्स यांनीं आज्ञेवरून जाळले. १९७४ नंतरहि धोका सरला नव्हता: ब्लेचलीचे एक प्रमुख गॉर्डन वेल्चमन यांनीं १९८२ त पुस्तक लिहिलें, तेव्हां त्यांस गुप्त कामावरील परवानगी गमवावी लागली.

पण खरी किंमत घरांत मोजावी लागली. साध्या वेषांतील तरुणांस लोक रणचुकार म्हणत. कित्येकांचे आईबाप मुलानें युद्धांत काय केलें हें न कळतांच वारले. कांहीं दांपत्यांत एकाचें काम दुसऱ्यास वर्षानुवर्षें ठाऊक नव्हतें. बंधन सुटल्यावरहि अनेकांनीं मौन सोडलें नाहीं; आम्हांस तर वाटतें, ज्यांच्याकरितां बोलावयाचें तेच उरले नव्हते.

आतां १९७४ पूर्वींचे नाविक युद्धाचे ग्रंथ वाचतांना, जेथें जेथें विमानानें शत्रू गांठला असें लिहिलें आहे, तेथें तेथें त्या विमानास कोणी धाडलें हें पुन्हां विचारावें लागतें. त्या वेळीं विशींत असलेलीं माणसें आतां शंभरीच्या घरांत आहेत. त्यांनीं काय केलें हें कागदांवरून बरेंच कळेल. घरीं काय सांगितलें, हें मात्र त्यांसच विचारावयास हवें.