नायडूंची सरासरी २५ च का?

एक छोटासा प्रयोग करून बघा. भारताच्या कसोटी फलंदाजांच्या तक्त्यात सी. के. नायडू शोधा. ७ कसोटी, १४ डाव, ३५० धावा, सरासरी २५. नाव झाकून हे आकडे कुणाला दाखवलेत तर म्हणेल, बरा होता, पण विशेष काही नाही.

आता तक्त्याच्या बाहेर या. नायडू १८९५ साली नागपुरात जन्मले आणि १९१६ पासून प्रथम श्रेणी खेळत होते. डिसेंबर १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाकडून त्यांनी एमसीसीला झोडपलं: १५३ धावा, त्यात ११ षटकार! ही खेळी त्या सरासरीत नाही, कारण भारत तेव्हा कसोटी खेळतच नव्हता. २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली, तेव्हा कर्णधार नायडू ३६ वर्षांचे होते. (ब्रॅडमन विशीत सुरू झाले होते.)

त्यात डाव फक्त १४. शेवटचा डाव १९३६ चा, ओव्हलवर, ८१ धावांचा. तेवढा काढून टाका: २६९ भागिले १३, म्हणजे २०.७. एका डावाने सरासरी चारहून जास्त हलत असेल, तर तिच्यावर किती भार टाकायचा ते तुम्हीच ठरवा.

पण माझ्या मते खरी गोची पुढे आहे. नायडू उशिरा का होईना, तक्त्यात आले तरी. पळवणकर बाळू? १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सगळे सामने मिळून शंभरावर बळी घेणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज १९३२ च्या आधीच निवृत्त झाला. त्यांची सरासरी वाईट नाही, त्यांची ओळच नाही. नोंद सुरू होण्याआधीच जे संपलं ते डेटात येत नाही, याला संख्याशास्त्रात लेफ्ट ट्रंकेशन म्हणतात. रिकामा रकाना निदान डोळ्यांना खुपतो. नसलेली ओळ दिसतच नाही.

माझ्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं. लॅबमधल्या जुन्या नोंदींवरून ‘वाढता कल’ असा झकास आलेख काढला. गाइडनी एवढंच विचारलं, “मशीन कधी आलं?” आलेख बरोबर त्याच वर्षापासून चढत होता. प्रकरण पुन्हा लिहायला चार महिने गेले.