प्रवरासंगमी सहकुटुंब शिवरात्र

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यास समुद्रकिनारा लाभलेला नाही. परंतु महाशिवरात्रीस मुलाबाळांसह जलदर्शनास जावे असे स्थान प्रवरासंगम येथे आहे. येथे प्रवरा गोदावरीस मिळते. टोके येथील सिद्धेश्वर मंदिरावरील शिल्पे मुलांना ओळखू द्यावीत. त्यांमागील कथा आजींनी सांगाव्यात. स्नानाचा मोह मात्र आवरावा. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा फुगवटा येथवर येतो, तळाचा अंदाज लागत नाही. काठावर बसून तांब्याने पाणी घेतले म्हणून पुण्य उणे होते, असे आम्हांस वाटत नाही. परतताना नेवाशास पैस खांबाचे दर्शन घ्यावे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी नेवाशातच सांगितली गेली. तेथे मुलांना पाठ असलेली एखादी ओवी म्हणावयास सांगावे. चुकलीच तर आजोबा आहेतच.