एक वीत आकाश

डिस्नेच्या ‘मोआना’मध्ये (२०१६) आजी नातीला एक गुहा दाखवते. आत अंधारात भल्यामोठ्या जोडहोड्या, पिढ्यान् पिढ्या कुणी हात न लावलेल्या. मोआना ढोल बडवते आणि तिला उमगतं की आपले पूर्वज दर्यावर्दी होते. मग आज बेटावरचं कुणीच प्रवाळाच्या रांगेपलीकडे का जात नाही?

हा प्रश्न मला पटकथाकाराची कल्पना वाटला होता. तो निघाला पुरातत्त्वातला!

खापरांच्या पुराव्यावरून प्रशांत महासागरातली टोंगा आणि सामोआ ही बेटं सुमारे २८०० वर्षांपूर्वी वसली. पुढची ताहिती, हवाई, न्यूझीलंड मात्र गेल्या हजारेक वर्षांतली. मधली दीड-दोन हजार वर्षं पूर्वेकडे कुणी गेल्याची खूण नाही. अभ्यासक याला ‘दीर्घ विराम’ म्हणतात. तिथले नेहमीचे वारे पूर्वेकडून येतात, म्हणजे प्रवास वाऱ्याच्या तोंडावर. काहींच्या मते एल निनोमुळे वारे फिरले तेव्हा वाट खुली झाली. काहींच्या मते लांब पल्ल्याच्या जोडहोड्याच उशिरा आल्या. एकमत नाही. नेमक्या त्या रिकाम्या जागेत चित्रपटानं आपली गोष्ट ठेवली: देवीचं हृदय चोरीला गेलं, दर्या कोपला, होड्या गुहेत गेल्या. किती सुंदर जागा शोधली!

चित्रपटासाठी बेटांवरच्या जाणत्यांचा, गोंदणकारांचा, नावाड्यांचा सल्ला घेतला होता. चित्रपटातला अर्धदेव माउई आधी टकला होता. ताहितीतल्या सल्लागारांनी हरकत घेतल्यावर त्याला दाट केस आले. मोआना रागानं नारळ फेकते असा प्रसंगही वगळला गेला, कारण तिथे नारळाला मान आहे. श्रीफळ म्हणणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. तरी अनेक बेटांच्या संस्कृतींची सरमिसळ झाली, आणि माउईच्या कथांतली हिना देवी गायबच आहे. ही टीका मला रास्त वाटते.

पण होडी खरी आहे. मोआनाच्या छोट्या होडीला कोकणातल्या होड्यांसारखी उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा बाजूचा ओंडका, आहे. माउई तिला हात लांब करून ताऱ्याची उंची मोजायला शिकवतो, तेही खरं. हे लोक वाहत वाहत योगायोगानं बेटांवर पोहोचले, असं एकेकाळी काही विद्वान म्हणत. पण १९७६ साली सतावल बेटाचे नावाडी माउ पियाइलुग ‘होकुलेआ’ ही जोडहोडी हवाईहून ताहितीला घेऊन गेले. सुमारे ४००० किलोमीटर, महिन्याभराचा प्रवास, होकायंत्राशिवाय. हाताशी तारे, लाटा आणि पक्षी. ताहितीच्या किनाऱ्यावर हजारो माणसं लोटली.

१९८० मध्ये खुद्द हवाईचे नावाडी नैनोआ थॉम्पसन त्याच वाटेनं गेले आणि परतही आले. दक्षिणेकडे जाताना ध्रुवतारा खाली खाली जातो, विषुववृत्तापाशी क्षितिजाआड होतो. परतताना तो पुन्हा वर चढतो, आणि जवळजवळ वीतभर वर आला की समजायचं, हवाईच्या रेषेत आलो.

वीत म्हणजे लांब केलेल्या हाताचा अंगठा ते करंगळी, आकाशात साधारण वीस अंश. हवाईचं सर्वांत मोठं बेट १९ ते २० अक्षांशांवर आहे. मुंबई १९ वर. तिथे असाल तर आज रात्री गच्चीवर जाऊन उत्तरेकडे हात लांब करा, करंगळी क्षितिजाला टेकवा. अंगठ्याच्या टोकाशी जो तारा दिसेल, तो नैनोआंना घर जवळ आल्याचं सांगणारा.