गाणं जुनं, प्रश्न नवा: कॅसॅन्ड्रा विल्सनकडून काय शिकायचं?

'यावर आधीच काम झालंय.' पीएचडीचा विषय शोधताना हे वाक्य प्रत्येकाला ऐकावं लागतं आणि बरेच जण तिथेच विषय सोडून देतात. पण झालेल्या कामावर पुन्हा काम करणं म्हणजे नक्कल असतं का? आज उदाहरण प्रयोगशाळेबाहेरचं घेऊ: अमेरिकन जॅझ गायिका कॅसॅन्ड्रा विल्सन.

आधी थोडी माहिती

जन्म १९५५, मिसिसिपी राज्यातलं जॅक्सन. १९८०च्या दशकात ती न्यूयॉर्कला आली आणि सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमनच्या एम-बेस या प्रयोगशील गटात सामील झाली. १९८८च्या 'ब्लू स्काइज' अल्बममध्ये मात्र पियानो, बास, ड्रम्स असा नेहमीचा संच आणि जॅझमधली जुनी 'स्टँडर्ड' गाणी होती. १९९३ साली 'ब्लू लाइट टिल डॉन' आला. त्यात व्हॅन मॉरिसन आणि जोनी मिचेलची गाणी रॉबर्ट जॉन्सनच्या ब्लूजशेजारी बसली. १९९५च्या 'न्यू मून डॉटर'मध्ये यू-टू, नील यंग आणि चक्क मंकीज! या अल्बमला पुढे ग्रॅमी मिळालं.

'रॉकची गाणी गायली, मग हे जॅझ कसं?' असं कुणी विचारेल. पण ज्यांना आपण स्टँडर्ड म्हणतो, त्यांतली कितीतरी गाणी ब्रॉडवेच्या नाटकांतून आणि सिनेमांतून आलेली, म्हणजे त्यांच्या काळातली लोकप्रिय गाणीच होती. विल्सनने पद्धत जुनीच ठेवली, फक्त नमुने आपल्या काळातले घेतले.

नेमकं बदललं काय?

'लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल' घ्या. मंकीजचं १९६६चं हे गाणं तीन मिनिटांच्या आत संपतं, उड्या मारत. विल्सन त्याला पाच मिनिटांहून जास्त वेळ देते. लय संथ होते आणि निरोपाचं गाणं खरंच निरोपासारखं वाटायला लागतं.

दुसरा बदल वाद्यांचा. पियानो मागे पडतो. अकूस्टिक गिटार आणि तालवाद्यं पुढे येतात. याचं एक कारण गाण्यांच्या रचनेत सापडतं. जुन्या स्टँडर्डमध्ये कॉर्ड भराभर बदलतात, त्यामुळे वादकाला त्यावर खेळता येतं. रॉक गाण्यात अनेकदा मोजक्याच कॉर्ड असतात. मग नवं काही करायची जागा उरते ती आवाजाच्या पोतात, शब्दांच्या वजनात आणि शांततेत. शिवाय रॉकचं मूळ बऱ्याच अंशी ब्लूजमध्ये आहे. मिसिसिपीची ही गायिका रॉक गाण्याला जणू त्याच्या आजोळी घेऊन जाते.

आता संशोधकाचा प्रश्न

हा बदल विल्सनचा की 'ब्लू लाइट'चा निर्माता क्रेग स्ट्रीटचा? १९८८ आणि १९९३ची थेट तुलना करून उत्तर मिळणार नाही. निर्माता, कंपनी, वादक, गाणी सगळंच एकदम बदललंय. एकाच प्रयोगात चार चल हलवल्यासारखं झालं हे.

मग निर्माता बदललेला नमुना शोधायचा. २००२चा 'बेली ऑफ द सन' विल्सनने स्वतः निर्मित केला. त्यातही द बँड आणि बॉब डिलनची गाणी आहेत, गिटारही आहेत. म्हणजे स्ट्रीट नसतानाही पद्धत टिकली. यावरून त्याचा वाटा शून्य होता असं मात्र म्हणता येत नाही. ती त्याच्याकडूनच काही शिकली असेल. पुरावा एवढंच सांगतो की तो प्रत्येक वेळी हजर असण्याची गरज नव्हती. निष्कर्ष इथेच थांबवायचा. आपण बहुतेक वेळा याच्यापुढे एक पाऊल जास्त टाकतो आणि रिव्ह्यूअर तिथेच पकडतो.

तुमच्या विषयासाठी

जुना पेपर हातात घेतला की तीन गोष्टी लिहून काढा: काय तसंच ठेवणार, काय बदलणार, आणि त्या बदलामुळे आधी न दिसलेलं काय दिसू शकेल. तिसऱ्या रकान्यात एक ठोस वाक्य लिहिता आलं, तर 'आधीच काम झालंय' याला घाबरायचं कारण नाही. तो रकाना रिकामाच राहिला, तर मात्र गाईडचं म्हणणं बरोबर आहे असं समजा.