खाज थांबली म्हणजे बुरशी गेली, असे नाही

जबलपूरच्या विजय नगरात पाऊस लागला की कपडे वाळेनासे होतात. खोलीत दोरीवर टाकलेली दमट बनियन आणि पँट तशीच अंगावर चढते. कुणी त्या कपड्यांत दुचाकीवरून दिवसभर फिरतो, तर कुणी गन कॅरेज किंवा व्हेईकल फॅक्टरीच्या पाळीत आठ तास घामात उभा राहतो. काही दिवसांनी जांघेत, कंबरपट्ट्याच्या जागी किंवा काखेत लाल कडेचा गोल चट्टा उठतो. हिंदीत त्याला दाद म्हणतात, मराठीत गजकर्ण किंवा नायटा. जागा अवघड असल्यामुळे घरातही कुणी त्याविषयी बोलत नाही. मेडिकलच्या काउंटरवर हळू आवाजात 'खुजली की ट्यूब' मागितली जाते आणि ती मिळतेही.

पूर्वी हा आजार दोन-चार आठवड्यांच्या औषधाने बरा होत असे. गेल्या दहा-बारा वर्षांत तो देशभर चिवट झाला आहे. एकाच घरातल्या तिघाचौघांना एकदम होतो आणि बरा झाला म्हणेपर्यंत उलटतो. बुरशीचे आजार गजकर्णापुरतेच नाहीत. दिल्लीचे एम्स, पश्चिम बंगालमधील कल्याणीचे एम्स आणि इंग्लंडचे मँचेस्टर विद्यापीठ यांतील संशोधकांनी २०२२ मध्ये भारतातील गंभीर बुरशीजन्य आजारांच्या रुग्णसंख्येचा अंदाज मांडला. तो आकडा ५ कोटी ७० लाखांहून अधिक निघाला, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे ४ टक्के. या आजारांविषयी जे समज घरोघरी पक्के बसले आहेत, ते एकेक करून तपासायला हवेत, कारण त्यांतले काही समजच आजार वाढवत आहेत.

गैरसमज १ : गजकर्ण रक्तातल्या दोषामुळे किंवा अंगातल्या उष्णतेमुळे होते.

वस्तुस्थिती : गजकर्णाची बुरशी रक्तात नसतेच. त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर, केस आणि नखे ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात, त्यावर ती जगते. मधून सुरुवात करून ती कडेकडेने पसरते. म्हणून मधला भाग निवळलेला दिसतो आणि कड लाल, उंचवट्याची, खवले सुटणारी असते. ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. टॉवेल, अंतर्वस्त्रे, चादरी आणि व्यायामशाळेतल्या गाद्या हे तिचे रस्ते. झडलेल्या खवल्यांतले तिचे बीजाणू महिनोन्महिने टिकून राहू शकतात. 'रक्तशुद्धी'ची चूर्णे घेऊन किंवा वांगी, लोणची बंद करून ती मरत नाही. हा घाणेरडेपणाचा पुरावाही नाही. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही घरातल्या एकाच टॉवेलामुळे गजकर्ण होऊ शकते. लिंबू, लसूण, फिनाईल असले उपाय तर त्वचा भाजून काढतात आणि मग बुरशीसोबत जखमही सांभाळावी लागते.

गैरसमज २ : ट्यूब लावली, दोन दिवसांत खाज थांबली, म्हणजे औषध लागू पडले.

वस्तुस्थिती : सगळ्यांत मोठे नुकसान या समजामुळे झाले आहे. दुकानात खाजेसाठी म्हणून मिळणाऱ्या अनेक मलमांत एकाच ट्यूबमध्ये तीन-चार औषधे असतात. घरात अशी ट्यूब पडून असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरे उजेडात धरून वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसेल. ही सगळी स्टिरॉइड्स आहेत. शेजारी एखादे अँटिबायोटिक आणि एखादे बुरशीविरोधी औषध असेल. स्टिरॉइडचे काम दाह दाबणे. ते लावताच लाली उतरते, खाज थांबते आणि माणूस खूश होतो. पण ज्या दाहाच्या जोरावर शरीर बुरशीला अडवत होते, तोच आता दाबला गेलेला असतो. बुरशी निवांत पसरते. मलम थांबवले की खाज दुपटीने उसळते, म्हणून पुन्हा तेच मलम लावले जाते. काही आठवड्यांत चट्ट्याची ओळखीची कड पुसट होते आणि डॉक्टरलाही नुसत्या नजरेने निदान करणे अवघड जाते. जांघेतली त्वचा पातळ पडते आणि तिथे पोटावरच्या बाळंतपणाच्या खुणांसारखे पट्टे उमटतात. ते पट्टे कायमचे राहतात.

क्लोबेटासॉल हे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांतले सर्वांत तीव्र गटातले औषध आहे. जांघेसारख्या नाजूक, झाकलेल्या जागी ते आणखी जास्त शोषले जाते. भारतातले त्वचारोगतज्ज्ञ अनेक वर्षे याविरुद्ध आवाज उठवत होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारा केंद्रांच्या पाहणीत चेहऱ्याच्या त्वचेच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी सुमारे १५ टक्के रुग्ण चेहऱ्यावर अशी स्टिरॉइड मलमे लावत होते. पुढे मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमे शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली. त्यांत अशी काही मलमेही होती. कायदा झाला, पण काउंटरवरची सवय अजून गेलेली नाही.

गैरसमज ३ : शरीराला औषधाची सवय झाली, म्हणून आता त्याची 'पॉवर' कमी पडते.

वस्तुस्थिती : इथे बदलते ती बुरशी. टर्बिनाफिन हे गजकर्णाचे नावाजलेले औषध. बुरशीच्या पेशीचे आवरण अर्गोस्टेरॉल नावाच्या पदार्थावर उभे असते. तो बनवण्यासाठी तिला स्क्वॅलीन इपॉक्सिडेज हे विकर लागते आणि टर्बिनाफिन नेमके तेच बंद पाडते. पण या विकराच्या जनुकात एका ठिकाणी एक बदल झाला, की औषध तिथे नीट बसत नाही आणि बुरशी जगते. अर्धवट औषध घेतले, मध्येच सोडले, किंवा स्टिरॉइड मिसळलेले मलम लावले, की जगलेल्या बुरशीला वाढायला मोकळे रान मिळते. ती पुढे घरातल्या दुसऱ्याकडे जाते. म्हणून ज्याने आयुष्यात कधी हे औषध घेतले नाही, त्यालाही पहिल्याच दिवशी ते लागू न पडण्याची शक्यता असते.

दिल्लीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये तपासलेल्या, गजकर्ण करणाऱ्या ट्रायकोफायटॉन बुरशीच्या नमुन्यांपैकी सुमारे एक तृतीयांश नमुने टर्बिनाफिनला दाद देत नव्हते. २०२० मध्ये भारत आणि जर्मनीच्या संशोधकांनी देशातल्या वेगवेगळ्या शहरांतले नमुने तपासले, तेव्हा हे प्रमाण सुमारे ७० टक्के आढळले. त्याच वर्षी जपानच्या संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांतून मिळालेल्या या बुरशीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक महिला परदेशी गेलेलीच नव्हती, म्हणजे ही बुरशी तिथे स्थानिक पातळीवर पसरू लागली होती. आज ती युरोपातही आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ती इतर जातींसारखीच दिसते, पक्की ओळख जनुकीय तपासणीतूनच पटते.

गैरसमज ४ : जंतू ते जंतूच. अँटिबायोटिक घेतले की बुरशीही मरेल.

वस्तुस्थिती : अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, बुरशीवर नाही. जिवाणू आपल्यापेक्षा फार वेगळे असतात, त्यामुळे त्यांच्यावर नेम धरणे सोपे जाते. बुरशीची पेशी मात्र रचनेने प्राण्यांच्या पेशीच्या बरीच जवळ आहे. तिला मारणारे औषध आपल्या यकृताला किंवा मूत्रपिंडाला इजा करू शकते. म्हणूनच बुरशीविरोधी औषधांचे गट जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले, की आधीच्या दहा वर्षांत अमेरिका, युरोप आणि चीनच्या औषध नियामकांनी मिळून फक्त ४ नवी बुरशीविरोधी औषधे मंजूर केली. हातातले औषध निकामी झाले, तर त्याच्या जागी लगेच दुसरे येणार नाही.

इट्राकोनाझोल हे दुसरे महत्त्वाचे औषध. त्याच्या नेहमीच्या कॅप्सूल भरपेट जेवणाबरोबर घ्याव्या लागतात, कारण पोटातले आम्ल असल्याशिवाय ते नीट शोषले जात नाही. रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्याने हे डॉक्टरला सांगितले नाही, तर औषध चालू असूनही रक्तात पुरेसे पोहोचत नाही. हृदय कमकुवत असलेल्यांना ते धोक्याचे ठरू शकते आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ते चालत नाही. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आपले औषध घेऊ नये, ते याचसाठी.

गैरसमज ५ : काळी बुरशी काळी असते, एकाची दुसऱ्याला लागते आणि ती कोविडबरोबर गेली.

वस्तुस्थिती : तिन्ही गोष्टी चूक. म्युकरमायकोसिसची, म्हणजे 'काळी बुरशी' म्हटल्या जाणाऱ्या आजाराची, बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते आणि रक्त न मिळाल्याने मेलेला भाग काळा पडतो. ती एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जात नाही. तिचे बीजाणू मातीत, कुजलेल्या पाल्यात आणि हवेत नेहमीच असतात. कोविडच्या आधीही भारतात या आजाराचे प्रमाण जगाच्या मानाने कितीतरी पट जास्त होते. अनियंत्रित मधुमेह हे त्याचे मुख्य कारण, आणि तो अजून घरोघरी आहे. २०२१ मध्ये कोविडच्या उपचारातला स्टिरॉइडचा भडिमार आणि वाढलेली साखर एकत्र आली आणि जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता.

जबलपूरला ते दिवस आठवतात. ॲम्फोटेरिसिन-बी हे या आजारावरचे इंजेक्शन मिळवण्यासाठी नातेवाईक वणवण फिरत होते. जून २०२१ मध्ये जबलपूर आणि सागरच्या रुग्णांना इंजेक्शननंतर थंडी वाजून ताप आल्याच्या बातम्या आल्या आणि लोक घाबरले. पण या औषधाच्या जुन्या, साध्या प्रकाराने थंडी-ताप येतो, हे डॉक्टरांना अनेक दशकांपासून माहीत आहे. म्हणूनच ते सावकाश आणि देखरेखीखाली दिले जाते. लायपोसोमल प्रकाराने हा त्रास कमी होतो. मधुमेह असलेल्या माणसाला चेहऱ्याची एक बाजू दुखणे, नाकातून काळपट स्राव येणे, डोळ्याभोवती सूज किंवा एकाऐवजी दोन-दोन दिसणे सुरू झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे.

गैरसमज ६ : औषध न चालणे हा रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातला प्रश्न आहे.

वस्तुस्थिती : हा प्रश्न शेतापर्यंत जातो. ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी फुप्फुसात घातक आजार करते आणि तिच्यावर ॲझोल गटातली औषधे वापरतात. द्राक्षावर भुरी येऊ नये म्हणून नाशिक-सांगलीकडे हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोल फवारतात, ती याच गटातली. ही बुरशी शेतातल्या मातीत राहते आणि तिथेच औषध पचवायला शिकते. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये भारतातल्या मातीच्या नमुन्यांत ॲझोलला न जुमानणारी ॲस्परजिलस दाखवून दिली. तिच्यातला जनुकीय बदल युरोपात सापडलेल्या बदलासारखाच होता. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली. त्यातल्या सर्वांत गंभीर गटात ही बुरशी आणि रुग्णालयांत पसरणारी कॅन्डिडा ऑरिस, दोन्ही आहेत. गजकर्णाची बुरशी त्या यादीत नाही, कारण तिने जीव जात नाही. पण जीव जात नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष झाले आणि त्यातूनच ती एवढी चिवट झाली.

गैरसमज ७ : तपासणी म्हणजे उगीच खर्च.

वस्तुस्थिती : साधी तपासणी काही मिनिटांत होते. चट्ट्याच्या कडेवरचे खवले बोथट पात्याने हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतात, वर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खवले विरघळून पारदर्शक होतात आणि त्यांतून आडवे पडदे असलेले बुरशीचे धागे स्पष्ट दिसतात. धागे दिसले की बुरशीचे निदान पक्के होते. मलम लावून गेले तर धागे दिसायला अडचण येते, हे लक्षात ठेवा. जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात किंवा व्हिक्टोरिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरला दाखवता येते.

आता काय करायचे, ते थोडक्यात. चट्टा दिसला की घरातली ट्यूब हाती घेण्याआधी डॉक्टर गाठा. डॉक्टरने दिलेले मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावा. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, साधारण आणखी दोन आठवडे, औषध चालू ठेवा. घरात ज्याला ज्याला खाज आहे, त्या सगळ्यांवर एकाच वेळी उपचार करा, नाहीतर बुरशी घरातल्या घरात फिरत राहते. टॉवेल आणि अंतर्वस्त्रे वेगळी ठेवा, गरम पाण्यात धुवा, उलटी करून उन्हात वाळवा आणि पावसाळ्यात त्यांवर इस्त्री फिरवा. घट्ट जीन्सऐवजी सैल सुती कपडे घाला. मेडिकलमध्ये कुणी चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडची ट्यूब पुढे केली, तर ती घेऊ नका. आणि गजकर्णाविषयी घरात मोकळेपणाने बोला. मुलगा, सून, सासरे, कुणीही संकोचून गप्प राहिले तर त्याची किंमत सगळ्या घराला मोजावी लागते.